मुलाला व्यावसायिक ब्रिज खेळाडू व्हायचे आहे: कोणी अनुभवाने सांगेल का?

धरमपेठकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझा मुलगा 21 वर्षांचा असून नागपुरातच अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या वडिलांनी त्याला लहानपणी मेंढीकोट शिकवला आणि तो दहावीत गेल्यावर ब्रिज, म्हणजे दोन-दोन भिडूंच्या जोड्यांनी खेळायचा पत्त्यांचा खेळ. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, पण बोलीचे, म्हणजे किती हात करू हे खेळाआधी सांगण्याचे, नियम लिहिलेली त्यांची वही अजून त्याच्या टेबलावर असते. आता तो म्हणतो की महाविद्यालयात नोकरीसाठी होणाऱ्या मुलाखतींना तो बसणार नाही आणि पुढची दोन वर्षे फक्त ब्रिज खेळेल.

माझा खेळाला विरोध नाही. आपल्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या घरी सणासारखा आनंद होता. परंतु बुद्धिबळात मानांकन, नॉर्म, ग्रँडमास्टर किताब असा वर जाणारा रस्ता बापाला दिसतो, तसा ब्रिजमध्ये मला दिसत नाही. या खेळाडूला पैसे नेमके कोण देतो, त्याचे आयुष्य कसे असते, आणि घरातली वडीलधारी मंडळी याला ‘पत्ते कुटणे’ म्हणतात त्यांना काय सांगावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रामदासपेठकर

धरमपेठकर साहेब, मी बँकेची नोकरी सांभाळून तीस वर्षे स्पर्धा खेळलो आणि त्यातील काही वर्षे व्यावसायिक खेळाडूंच्या शेजारच्या टेबलावर बसलो, म्हणून लिहितो.

पैसे कोण देतो हा तुमचा प्रश्न मुळावर बोट ठेवणारा आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धांत जिंकणाऱ्याला रोख रकमेऐवजी मास्टर पॉइंट, म्हणजे खेळाडूच्या नावावर जमा होणारे गुण, मिळतात. तरीही तिथे लोक याच खेळावर घर चालवतात, कारण त्यांचे मानधन स्वतः खेळणारा प्रायोजक देतो. खेळावर जीव असलेली एखादी सधन व्यक्ती सहा जणांचा संघ बांधते, त्यातल्या एका व्यावसायिकाची भिडू म्हणून स्वतः टेबलावर बसते आणि बाकीच्या दोन जोड्या संघाला सावरून धरतात. आपल्याकडे श्रीमती किरण नाडर या संघ बांधणाऱ्या आणि स्वतः खेळणाऱ्यांपैकी आहेत. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मिश्र सांघिक कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात त्या होत्या. भारतातील काही मोठ्या स्पर्धांत रोख बक्षिसे असतात, पण ती जिंकणे हा त्या आठवड्याचा भाग असतो. त्यावर वर्षाचा हिशेब मांडता येत नाही.

पूर्ण वेळ पगारी संघाची कल्पना तशी जुनी आहे. इटलीच्या ‘ब्लू टीम’ने 1957 ते 1969 या काळात झालेले दहाही बर्म्युडा बोल, म्हणजे या खेळातील जगज्जेतेपद, जिंकले होते. ती मक्तेदारी मोडण्यासाठी डॅलसचे उद्योजक आयरा कॉर्न यांनी 1968 मध्ये निवडक खेळाडूंना पगारावर घेतले. हवाई दलातील एका निवृत्त कर्नलला त्यांनी शिस्तीसाठी प्रशिक्षक नेमले आणि सरावाचे डाव त्या काळी संगणकावर काढून घेतले. हा ‘एसेस’ संघ 1970 आणि 1971 मध्ये जगज्जेता झाला. त्या संघातील बॉब हॅमन पुढे कित्येक वर्षे जगातील अव्वल खेळाडूंत गणले गेले, आणि अशा माणसानेही 1986 मध्ये बक्षीस योजनांची जोखीम उचलणारी स्वतःची कंपनी काढली. मुलाला ही गोष्ट अवश्य सांगा.

आता त्याला कदाचित न आवडणारे सांगतो. व्यावसायिक म्हणून तुम्हाला बोलावतात ते उत्तम खेळता म्हणून खरे, पण टिकता ते आपल्याहून कच्च्या भिडूबरोबर दिवसभर शांत बसता येते म्हणून. मी एका स्पर्धेत पाहिले की प्रायोजकाने हाती आलेला सोपा डाव घालवला आणि समोरच्या तरुण व्यावसायिकाने पाने टेबलावर आपटली. तो खेळाडू कमालीचा हुशार होता, परंतु पुढच्या वर्षी त्या संघात दुसराच मुलगा होता. भिडूला अवघड निर्णय घ्यावाच लागू नये अशी बोली लावणे आणि चूक त्याची असली तरी पुढचे पान उचलताना चेहरा न बदलणे, हेच या पेशातले खरे कसब आहे आणि ते पुस्तकातून येत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. त्याने मुलाखती द्याव्यात, नोकरी धरावी आणि रजा साठवून राष्ट्रीय स्पर्धा खेळाव्यात. हा खेळ वयाने संपत नाही. जकार्तामध्ये पुरुष जोडीचे सुवर्णपदक जिंकताना प्रणब बर्धन 60 वर्षांचे होते आणि शिबनाथ सरकार 56 वर्षांचे.

निवृत्त वकील, सिव्हिल लाईन्स

‘पत्ते कुटणे’ या आक्षेपापुरते लिहितो. घरच्या ज्येष्ठांना जुगाराची धास्ती असेल, तर त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर 1967 मधील आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण हा निकाल सांगावा. प्रश्न रमीचा होता आणि निकाल लिहिला होता न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी, जे आपल्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असे त्यांनी ठरवले आणि त्यातील नशिबाचा भाग ब्रिजमध्ये पाने वाटताना असतो तशाच स्वरूपाचा आहे, असे कारण दिले. याचा अर्थ, ब्रिजचे कौशल्य न्यायालयाने गृहीतच धरले होते. नागपुरात वकिली केलेल्या माणसाला या निकालाचा थोडा अभिमान वाटतो, तो समजून घ्यावा.

चौथा भिडू (पुणे)

रामदासपेठकर काकांच्या प्रायोजकाबद्दलच्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे, परंतु ‘वय आहे, थांबता येईल’ या सल्ल्याशी नाही. मी मुलामुलींना ब्रिज शिकवते. जागतिक युवा स्पर्धांत 16, 21, 26 आणि 31 वर्षांखालील असे गट असतात. तुमच्या मुलाचा 21 खालचा गट हुकला आहे, आणि 26 खालच्या गटासाठी त्याला आताच तयारी करावी लागेल. याच वयात बाहेरच्या देशांतील समवयस्क भेटतात आणि पुढे बोलावणी येतात ती अशाच ओळखींतून.

वकील साहेबांच्या मुद्द्याला खेळाच्या बाजूने जोड देते. स्पर्धेत आपल्याला आलेली तेरा पाने दुसऱ्या खोलीत प्रतिस्पर्धी संघाच्या खेळाडूलाही तशीच्या तशी मिळतात, आणि त्याच पानांवर कोणी किती साधले यावर गुण ठरतात. ‘आम्हाला पानेच आली नाहीत’ असे म्हणायला जागाच उरत नाही. राहिलेले नशीब आकड्यांनी मोजता येते. नवख्याला वाटते की प्रतिस्पर्ध्यांकडे एका रंगाची 6 पाने असतील तर ती 3-3 अशी वाटली गेली असतील. प्रत्यक्षात ती शक्यता सुमारे 36 टक्के आणि 4-2 ची सुमारे 48 टक्के असते. पाचच पाने बाहेर असतील तर ती 68 टक्के वेळा 3-2 अशी असतात. हे व्यावसायिकाला पाढ्यांसारखे येते. त्याचा खरा विचार पुढे सुरू होतो: डावीकडच्याने बोली लावली नाही, पहिली उतारी बदामची केली आणि मग किलवरवर एक लहान पान टाकले, तर इस्पिकचा राजा त्याच्याकडे असेल का?

आता दिनक्रम. बोलीत 35 बोल्या आणि पास, डबल, रिडबल, असे एकूण 38 शब्दच वापरायचे असतात आणि त्यांतून समोरच्याला तेरा पानांचे वर्णन करायचे असते. प्रत्येक बोलीचा अर्थ प्रतिस्पर्ध्यांनी विचारला तर सांगणे बंधनकारक असते, त्यामुळे गुप्त खुणेला येथे स्थान नाही. वरच्या स्पर्धांत भिडूंच्या मध्ये पडदा असतो. तरीही 2015 मध्ये नॉर्वेचे खेळाडू बोये ब्रोगेलँड यांनी अव्वल जोड्यांवर उघड संशय घेतला आणि हे जग हादरले, कारण या पेशात नाव गेले की बोलावणे संपते. मुरलेल्या जोड्यांची बोलीची टिपणे शेकडो पानांची असतात. व्यावसायिक खेळाडूची सकाळ त्या टिपणांवर जाते, दुपारी ऑनलाईन सरावाचे डाव होतात आणि रात्री चुकलेल्या डावांवर भिडूशी फोनवर तासभर खल चालतो. वर्षातले कित्येक आठवडे हॉटेलात जातात, आणि ते आयुष्य एकटेपणाचे असते हे मुलापासून लपवू नका.

एकच विचारते: त्याला कायमचा भिडू आहे का? बुद्धिबळपटू एकटा मोठा होऊ शकतो, ब्रिजपटू होऊ शकत नाही. भिडू नसताना दोन वर्षे दिली, तर ती वाया जातील असे मला प्रामाणिकपणे वाटते.

धरमपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री त्याने सारे उत्तर वाचले. ताई, कायमचा भिडू नाही. आजोबाच त्याचे भिडू होते, आणि ते गेल्यापासून तो ऑनलाईन मिळेल त्याच्याबरोबर खेळतो. हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मुलाखतींना बसायला तो तयार झाला आहे, पण नोकरी नागपुरात किंवा पुण्यात मिळाली तरच घेईन म्हणतो. भिडू शोधावा कसा?

रामदासपेठकर

ताईंनी वयोगटांबद्दल लिहिले ते मला ठाऊक नव्हते, त्यामुळे माझा थांबण्याचा सल्ला मी मागे घेतो. आमच्याकडे रविवारी चार वाजता दोन टेबले लागतात आणि 24 डाव होतात. त्यात मेडिकलला शिकणारी एक मुलगी येते, तिचाही भिडू गेल्या वर्षी बदलीवर गेला. मुलाला पाठवा आणि आजोबांची वही सोबत आणायला सांगा. त्यांची पद्धत आता जुनी झाली असेल, पण ती दोघांनी समोरासमोर बसून एकेक बोली तपासत नव्याने लिहावी लागेल, आणि त्यातच दोघांचे जमते की नाही ते कळेल.