अर्थ शोधायचा, पण कधी?

‘प्रत्येक दुःखात काहीतरी अर्थ असतो, तो शोधा’ असं लोक सांगत असतात. शोधायला हरकत नाही, पण कधी? माझे वडील गेले तेव्हा दहाव्याच्या आतच दोघातिघांनी हे ऐकवलं होतं. डोक्यात तिडीक गेली होती.

समाजसुधारक पंडिता रमाबाईंचं बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. आईच्या तिरडीला चौथा माणूस मिळेना म्हणून त्या स्वतः उभ्या राहिल्या. उंची कमी, त्यामुळे खांद्याऐवजी डोक्यावर भार घेतला. पुढे १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. यात कसला आलाय अर्थ? पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या, उपाशी मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्तिसदन, म्हणजे निराधार बायका-मुलींसाठीचा त्यांचा आश्रम, त्यातूनच वाढलं. भूक काय असते हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. पण मधे वीसेक वर्षं गेली होती.

तेव्हा आत्ता ज्यांच्या घरी सुतक आहे त्यांना अर्थाबिर्थाचं विचारू नका. दोन वेळचा डबा पोचवा, आणि बँकेच्या, दाखल्याच्या कामांना बरोबर जा.