अनुभव धागा : बर्फाचा उतार, खिशात फोन, कानात गाणी

मागच्या आठवड्यात स्की करताना उतारावर माझी एका मुलीशी धडक होता होता राहिली. मी वरून येत होते. "डावीकडून!" असं दोनदा ओरडले, पण ती नेमकी डावीकडेच वळली. मी बर्फात अंग टाकलं आणि मनगट मुरगळलं. तिने हेल्मेटखालून इअरबड काढला आणि रडवेली होऊन माफी मागायला लागली.

खरं तर चूक माझी होती. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या 10 नियमांपैकी तिसरा नियमच आहे, मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही अशी वाट निवडायची. तरीही तिला ऐकू आलं असतं तर, हा विचार डोक्यातून जात नाही.

तुमचं काय काय झालंय ते लिहा. उपदेश नको, घडलेलं लिहा.

निशिगंध
तीन हंगाम मी गाणी लावूनच उतरत होते. मऊ बर्फावर स्कीचा आवाज नुसता सुस्स असा येतो. कडक बर्फ लागला की करकर सुरू होते, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी. पाय निसटायच्या आधी ती करकर सांगते की आता स्कीची कड नीट रोव. एकदा उन्हातून सावलीत शिरले, तिथे सगळं गोठून काचेसारखं झालं होतं आणि माझ्या कानात ढोल वाजत होते. पाय गेला आणि मी कुंपणाच्या जाळीपर्यंत घसरत गेले. जाळी होती म्हणून हे लिहितेय.

उतरंड
मी गस्ती पथकात मदतीला असतो. गाण्यांपेक्षा मला थांबून फोन बघणाऱ्यांची जास्त धास्ती वाटते. उंचवट्याच्या अगदी खाली, वरून येणाऱ्याला दिसणारच नाही अशा जागी एक मुलगा हातमोजा दातात धरून मेसेज लिहीत होता. ताशी 40 किलोमीटरने येणारा माणूस सेकंदाला 11 मीटर कापतो. उंचवटा ओलांडून तो मुलगा दिसेपर्यंत वेळ संपलेली असते. आम्ही पोचलो तेव्हा दोघेही पडलेले होते. वरच्या अंगाला दोन स्की फुली करून रोवल्या, म्हणजे मागचे लांबून जातील, आणि मग त्या मुलाच्या पायाकडे वळलो. त्याच्या हातमोज्यात बर्फ भरला होता, बोटं पांढरी पडली होती आणि तो सारखा विचारत होता, "फोन कुठाय?" थांबायचंच असेल तर कडेला थांबा हो, आणि वरच्याला दिसाल असं थांबा.

चांदणचुरा
मी ऐकते. एकाच कानात, हळू आवाजात. पहिल्या वर्षी भीतीने गुडघे ताठ व्हायचे, गाण्याने वळणांना लय आली. आजवर काही झालेलं नाही.

निशिगंध
@चांदणचुरा, लयीचं पटतं. पण आवाज कुठून येतोय हे कळायला दोन्ही कान लागतात. एकाच कानाने हाक ऐकू येते, दिशा नीट कळत नाही. निदान गर्दीच्या उतारावर काढून ठेव ना.

रानवाट
वेगळाच मुद्दा आहे. हिमस्खलनात गाडलेला माणूस सापडावा म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संकेत पाठवणारं आणि पकडणारं शोधयंत्र असतं. प्रशिक्षणात बर्फात पुरलेलं असं एक यंत्र शोधायचं होतं. माझ्या शोधयंत्रावरचा बाण भलतीकडेच फिरायला लागला. प्रशिक्षकांनी विचारलं, "छातीच्या खिशात काय आहे?" फोन होता. ही यंत्रं 457 किलोहर्ट्झवर चालतात आणि शेजारचा फोन त्यांचा संकेत बिघडवतो. एरवी फोन किमान 20 सेंटीमीटर लांब ठेवायचा, शोधताना 50. गाडलेल्या माणसाच्या हातात मिनिटं असतात, त्यातली माझी दोन त्या बाणामागे गेली. सराव होता, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

सांजवारा
म्हणून फोन घरी ठेवा असं कुणी म्हणू नका. झाडीत एकटी असताना गुडघा पिरगळला आणि बाहेरच्या खिशातला फोन साठ टक्के चार्ज असूनही थंडीने बंद पडला. काखेत धरून ऊब दिली तेव्हा पुन्हा सुरू झाला आणि मदत आली. आता तो आतल्या थरात, अंगालगत असतो. रानवाट म्हणतात तसं यंत्र असेल तर पँटच्या खिशात.

मूकमेघ
मला जन्मापासून ऐकू येत नाही. 19 वर्षं स्की करतोय. प्रत्येक मोठ्या वळणाआधी खांद्यावरून मागे बघतो, दोन उतार मिळतात तिथे पूर्ण थांबतो, वर बघतो आणि मगच निघतो. गाणी लावलेल्या मित्रांना मी हे करताना पाहिलेलं नाही. आपल्याला ऐकू येत नाहीये हे त्यांच्या लक्षातच राहत नाही. मला ते क्षणभरही विसरता येत नाही. माझ्या जाकिटाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'मला ऐकू येत नाही'. ते वाचून लोक अंतर ठेवून जातात. धागाकर्त्या ताई, त्या मुलीच्या पाठीवर तुम्हाला काय दिसणार होतं?