विंडोज ७ : छोट्या ऑफिसला होम बेसिक पुरे की प्रोफेशनलच हवी? (ऑगस्ट २००९)

कळफलक
२२ ऑक्टोबरला विंडोज ७ येतेय आणि आवृत्त्या तब्बल सहा : स्टार्टर, होम बेसिक, होम प्रीमियम, प्रोफेशनल, एंटरप्राइज, अल्टिमेट. पत्रव्यवहार, हिशेब आणि मराठी टायपिंग एवढंच काम असलेल्या दोन-तीन मशीनच्या ऑफिसने होम बेसिकच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. मराठीसाठी वरची आवृत्ती लागते हा निव्वळ गैरसमज. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण मांडणी) कीबोर्ड आणि मंगल हा देवनागरी फाँट सगळ्यांत आहेत. जुन्या विंडोज एक्सपीसारखी सीडी घालून कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फायली टाकायची गरज नाही. कंट्रोल पॅनेल, रीजन अँड लँग्वेज, कीबोर्ड्स अँड लँग्वेजेस, चेंज कीबोर्ड्स, ॲड, मराठी. झालं! अल्टिमेटमध्ये ३५ भाषा मिळतात त्या मेनू-खिडक्यांच्या, टायपिंगशी त्यांचा काही संबंध नाही. काचेसारख्या एरो खिडक्या बेसिकमध्ये नाहीत, पण त्यावाचून बिल अडत नाही.

चावीवाला
साफ असहमत. ऑफिस म्हटलं की प्रोफेशनल. बेसिक डोमेनला (सर्व्हरवरून चालणाऱ्या ऑफिसच्या नेटवर्कला) जोडता येत नाही. तिच्यातून रिमोट डेस्कटॉपने (नेटवर्कवरून दुसरं मशीन चालवायची सोय) दुसरीकडे जाता येतं, पण तिच्यात कुणाला येता येत नाही. विंडोजचा स्वतःचा बॅकअप नेटवर्कवर घ्यायचा तर प्रोफेशनलच लागते. खालच्या आवृत्त्यांत तो त्याच मशीनला जोडलेल्या डिस्कवर किंवा डीव्हीडीवर. आणि सगळ्यात मोठं कारण एक्सपी मोड, म्हणजे विंडोज ७ च्या आत चालणारी एक्सपी : जुनी सॉफ्टवेअर त्यात चालतील.

सर्किट
एक्सपी मोडच्या भरवशावर पैसे घालू नका. प्रोसेसरमध्ये हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवायची सोय) नसेल तर तो सुरूच होत नाही. कोअर २ ड्युओ ई८४०० मध्ये ते आहे, ई७२०० मध्ये नाही, पेंटियम ड्युअल-कोअर ई५२०० मध्येही नाही. दुकानात हे कुणी सांगत नाही, नंतर बदलूनही मिळत नाही. प्रोसेसरमध्ये असूनही बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बंद असतं, ते चालू करून मशीन पूर्ण बंद करायचं, नुसतं रीस्टार्ट नको. वर २ जीबी रॅम आणि १५ जीबी जादा जागा धरा.

डीटीपीवाल्यांसाठी खास : फाँटच्या सॉफ्टवेअरचं लॉक (ज्याच्याशिवाय ते चालत नाही तो छोटा डबा) प्रिंटर पोर्टवर, म्हणजे पॅरलल पोर्टवर बसणारं असेल तर एक्सपी मोडला ते दिसणार नाही, कारण त्यात पॅरलल पोर्टच नाही. यूएसबी लॉक जोडता येतं. ऑर्डर देण्याआधी मशीनच्या मागे वाकून बघा.

कळफलक
हेच म्हणतोय. आणि डॉसमधले हिशेबाचे प्रोग्रॅम? ३२-बिट बेसिकमध्येही ते खिडकीत चालतात. नवीन डिस्प्ले ड्रायव्हरवर फुल स्क्रीन मात्र मिळत नाही, म्हणून ग्राफिक्स वापरणारे अडतात. ६४-बिटमध्ये १६-बिट (डॉसच्या काळातलं) काहीच चालत नाही. जुनं सॉफ्टवेअर असेल तर ३२-बिट घ्या, ४ जीबी रॅममधली साधारण सव्वातीनच दिसली तरी चालेल.

चावीवाला
३२-बिट घेऊन अडकाल. पुढे ६४ वर जायचं तर सगळं नव्याने टाकावं लागतं, नुसत्या किल्लीने (प्रॉडक्ट कीने) होत नाही. एक्सपीवरून येणाऱ्यांना तसंही थेट अपग्रेड नाहीच. आधी डीव्हीडीतल्या सपोर्ट फोल्डरमधलं मिगविझ (फायली आणि सेटिंग हलवायचा प्रोग्रॅम) एक्सपीवर चालवून फायली बाहेरच्या डिस्कवर काढा, मग कस्टम इन्स्टॉल, म्हणजे विंडोज नव्याने टाकणं. फॉरमॅट केलं नाही तर जुनं सगळं विंडोज.ओल्डमध्ये राहतं, पण प्रोग्रॅम पुन्हा टाकावेच लागतात. एवढी मेहनत एकदाच करायची तर सरळ ६४-बिट प्रोफेशनल घ्यावी. जुनं सॉफ्टवेअर एक्सपी मोडमध्ये, मशीन मात्र सर्किट म्हणतात तसं तपासून.

नेटबुकप्रेमी
स्टार्टरबद्दल कुणी बोललंच नाही. एका वेळी तीनच प्रोग्रॅमची अट मायक्रोसॉफ्टने मे महिन्यात काढली, तरी वॉलपेपर बदलता येत नाही आणि दुसरा मॉनिटर जोडून डेस्कटॉप वाढवता येत नाही. प्रोजेक्टरवर शिकवणाऱ्यांनी लांबच राहावं. आणि मुलं शिकायला परदेशी जाणार असतील तर लॅपटॉपवर होम बेसिक नको. ती ठरावीक देशांतच ॲक्टिव्हेट होते, तिकडे फॉरमॅट करायची वेळ आली की अडचण.

कळफलक
हा मुद्दा मान्य, त्यांनी होम प्रीमियम घ्यावी. ऑफिसच्या टेबलावरच्या मशीनला तो लागू नाही. डोमेन चालवायला सर्व्हर लागतो, तो तीन मशीनच्या ऑफिसात असतो कुठे?