एमएक्स-5 चे सगळे बुश बदलायचेत, पॉली टाकू की रबरच बरं?

रोडस्टरवाला (मिल्टन कीन्स)
मंडळी, इथे कुणी एमएक्स-5 म्हणजे मियाटाचे सस्पेंशन बुश (आर्मच्या सांध्यातले रबरी तुकडे) घरी बदललेत का? माझी एनबी आहे, म्हणजे दुसरी पिढी, 2001 ची, 1.8, आधीच्या मालकाने इंजिन अगदी जिवापाड जपलंय पण गाडीखाली कधी डोकावलेला दिसत नाही. यंदा एमओटी (इथली वार्षिक तपासणी) पास झाली पण शेरा मारून दिलाय की पुढच्या लोअर आर्मचे (चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) मागचे बुश दोन्ही बाजूंना चिरलेत. चालवताना काय होतं तर मोटरवेवर ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत गाडी आपली आपण शिरते, जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग किंचित उजवीकडे ओढतं, आणि राउंडअबाउटला पुढचं वळलं तरी मागचं जरा उशिरानेच वळतंय असं वाटतं. टायर नवे आहेत, शॉकअब्सॉर्बर मागच्या वर्षीच टाकलेत.

तर प्रश्न असा की पॉलीयुरेथेनचा आख्खा सेट घ्यावा का, इथे जो तो पॉवरफ्लेक्स कंपनीचे जांभळे घे म्हणून सांगतोय, की परत साधे रबरीच? गाडी रोज ऑफिसला नेतो, वर्षाकाठी एखादा ट्रॅक डे. बायको आत्ताच बैलगाडी म्हणते, अजून कडक झाली तर बसायचीच नाही. आणि दिवाळीत पुण्याला येतोय, भोसरीत लेथवाल्याकडून नायलॉनचे करून घेतले तर? मामाच्या जुन्या जीपला तसेच होते आणि मस्त चालायचे.

कंपाउंड_मिक्सर (चाकण)
आधी नायलॉनचा विषय संपवतो. नको. भोसरीतले टर्नर लोक तुला हव्या त्या मापात काढून देतील, कामात खोट नाही त्यांच्या, पण नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. तिकडच्या पावसाळी हवेत फुगून आतल्या स्लीव्हवर (नळीवर) आवळून बसेल आणि मग आर्म वरखाली व्हायला जोर लागेल. मामांच्या जीपला पाट्यांचे स्प्रिंग असणार, तिथे शॅकलमध्ये (पाट्यांच्या टोकाच्या झुलत्या कडीत) चाललं म्हणून तुझ्या डबल विशबोनमध्ये (वर-खाली दोन आर्मच्या सस्पेंशनमध्ये) चालेल असं नाही. करायचेच तर डेलरिनचे (एक कडक प्लास्टिक), ते पाणी फारसं घेत नाही, पण ते रेसच्या गाडीला, ऑफिसच्या नाही.

आता रबर. मी याच धंद्यात आहे म्हणून जरा सविस्तर. रबरी बुश म्हणजे बाहेर एक स्टीलची नळी, आत एक नळी, आणि मधलं रबर दोन्हीला व्हल्कनाइझ करून चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये पक्की पकडली जाते, ती फिरत नाही. आर्म हलतो तो रबर पिळवटून. म्हणजे तिथे काही घासत नाही, ग्रीस लागत नाही, आवाज नाही. आणि डिझाइन करणारा त्यात मुद्दाम पोकळ्या ठेवतो, एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला कडक, की खड्ड्यात चाक आदळलं तर ते थोडं मागे सरकून धक्का खाईल पण वळणावर आडवं सरकणार नाही. पोर्शेने 928 ला मागे वायझाख अ‍ॅक्सल दिला होता तो सगळा याच लवचिकपणावर उभा होता, ब्रेक मारताना मागची चाकं टो-आउट (पुढची कड बाहेर) व्हायच्या ऐवजी टो-इन (पुढची कड आत) व्हावीत म्हणून. तुझ्या माझदानेच 1985 च्या आरएक्स-7 ला मागे तसलाच प्रकार केला होता, आणि गंमत म्हणजे ट्रॅकवाले लोक तो आधी काढून टाकतात कारण मागची चाकं आपल्या मनाने वळलेली त्यांना नको असतात.

सांगायचं एवढंच की वीस-बावीस वर्षं जुन्या चिरलेल्या रबराची नव्या पॉलीशी तुलना करून लोक म्हणतात पॉली भारी. नव्या रबराशी कुणी केलीय का? तुझ्या वापराला नव्या रबराने बहुतेक सगळं दुखणं जाईल. आणि हो, इंजिन ऑइल कुठून गळत असेल तर ते आधी बंद कर, खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगून मऊ पडतं.

तीनशेतीस (न्यू जर्सी)
मिक्सर काकांशी अर्धा सहमत, अर्धा नाही. माझी बीएमडब्ल्यू ई46 आहे. हिच्या मागच्या ट्रेलिंग आर्मचा पुढचा बुश चार दिशांना हलतो, कारण आर्म नुसता वरखाली होत नाही, बाजूच्या लिंका त्याला आत-बाहेर पण खेचतात. तिथे साधा पॉली टाकला की तो आखडतो, मागचं सस्पेंशन धड चालत नाही आणि वर लवकर खराब होतो. मी तिथे मुकाट्याने नवे रबरीच टाकले, दोन्ही बाजूंना लिमिटर चकत्या लावून. पण मियाटाचं तसं नाही ना, पुढे-मागे दोन्हीकडे डबल विशबोन, आतल्या बाजूचे बुश सरळ एका अक्षाभोवती फिरतात, म्हणजे पॉलीला यापेक्षा सोयीची जागा नाही. रबर पिळवटताना स्वतःच थोडं स्प्रिंगसारखं वागतं, पॉली स्लीव्हवर मोकळा फिरतो, त्यामुळे छोट्या खड्ड्यांवर कधी कधी गाडी उलट नरम वाटते, लोक उगाच घाबरतात.

फक्त कडकपणा बघून घे. पॉवरफ्लेक्सचे पिवळे 70 शोअर ए (कडकपणाचं माप, आकडा मोठा तितका बुश कडक), जांभळे 80, काळे 95. काळ्यांच्या नादाला लागू नकोस, ऑफिसला जाताना प्रत्येक मॅनहोलचं झाकण पाठीला कळेल.

कंपाउंड_मिक्सर (चाकण)
अक्षाचा मुद्दा बरोबर आहे, तिथे माझी हरकत नाही. पण पॉलीचा आवाज कोण ऐकणार? ग्रीस सुकलं की स्पीडब्रेकरवर जुन्या दारासारखा कुईकुई करतो. आणि पॉली घेताना पॉलिस्टर जातीचा आहे की पॉलिइथर जातीचा हे विचार, पहिला दमट हवेत काही वर्षांनी पाण्यानेच कुजतो, दुसरा टिकतो.

गंजका_बोल्ट (लीड्स)
तुम्ही लोक पॉली की रबर करत बसलायत, खरी लढाई वेगळीच आहे. मिल्टन कीन्सवाले, तुमच्या गाडीने वीसेक हिवाळे मीठ खाल्लंय. लोअर आर्मच्या आतल्या टोकाला जे एक्सेंट्रिक बोल्ट असतात, ज्याच्या चकतीवर खुणा असतात आणि ज्याने पुढे कॅम्बर-कॅस्टर आणि मागे कॅम्बर-टो, म्हणजे चाकांचे कोन, सेट होतो, ते बुशाच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेले असतात. नट सुटतो, तुम्ही खूश होता, मग बोल्ट फिरवायला जाता तर बोल्टबरोबर रबर पिळवटतं आणि सोडलं की परत जागेवर. अलाइनमेंटवाला म्हणतो ना की तुमची गाडी सेट होत नाही, ते यामुळे. गॅसचा टॉर्च मारायला गेलात तर रबर पेटतं आणि त्याचा धूर छातीत बसतो, ते करू नका. सरळ रेसिप्रोकेटिंग सॉ घ्यायची, आर्म आणि सबफ्रेमचा (आर्म जिला जोडलेले असतात त्या खालच्या चौकटीचा) ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीत पातं घालायचं आणि दोन्ही बाजूंनी बोल्ट कापायचा. पातं आर्मच्या बाजूला टेकवून ठेवा, ब्रॅकेटचा पत्रा कापला गेला तर मग सबफ्रेम शोधत फिरा. मागच्या अपराइटमधून (चाकाचा हब धरणाऱ्या भागातून) आरपार जाणारा तो लांब बोल्ट सगळ्यात हरामी, त्याला दोन दिवस आधीपासून गंजतेल पाजत बसा, तरी कापायची तयारी ठेवा.

म्हणून माझं मत, बुश कुठलेही घ्या पण नवे एक्सेंट्रिक बोल्ट, चकत्या, नट आधी मागवा, आणि जमलं तर सेकंडहँड आर्मचा सेट घेऊन तो निवांत सँडब्लास्ट, पावडर कोट, बुश बसवून तयार ठेवा. मग गाडी फक्त अदलाबदलीपुरती जॅकवर राहते, नाहीतर सोमवारी बसने ऑफिस.

रोडस्टरवाला (मिल्टन कीन्स)
बापरे, सॉचं ऐकून पोटात गोळा आला. म्हणजे आर्मचा जुना सेट बघतो. रबर टाकायचं ठरलं तर प्रेस घरी नाही, आणि बसवताना काय जपायचं?

कंपाउंड_मिक्सर (चाकण)
प्रेस भाड्याने मिळेल, नाहीतर कुठल्याही गॅरेजवाल्याला सुटे आर्म नेऊन दे, दाबून देईल. दाबताना जोर बाहेरच्या नळीवरच यायला हवा, रबरावर किंवा आतल्या नळीवर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चाकं लटकत असताना बोल्ट फायनल आवळू नकोस. तसं केलंस तर गाडी खाली उतरवली की प्रत्येक रबर कायमचं पिळवटलेलं राहतं, गाडी थोडी उंच उभी राहते आणि वर्षा-दोन वर्षांत रबर परत चिरतं. सुरुवात करायच्या आधी गाडी सपाट जागेवर उभी करून हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांचं अंतर मोजून कागदावर लिही. नंतर आर्मखाली जॅक लावून तेवढंच अंतर येईपर्यंत उचल आणि मग टॉर्क रेंचने आवळ. पॉलीत ही भानगड नाही, हे मान्य करतो.

तीनशेतीस (न्यू जर्सी)
मान्य केलं 😀 पॉली घेतलास तर किटसोबत येतं तेच ग्रीस वापर, आतल्या भोकातही आणि दोन्ही बाजूंच्या चेहऱ्यांवरही, हात आखडू नकोस. घरातलं चाकाचं पिवळं ग्रीस नको. आणि अँटी-रोल बारचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीचे) डी-आकाराचे बुश मात्र पॉलीचेच टाक, स्वस्त आहेत, अर्ध्या तासात होतात.

गंजका_बोल्ट (लीड्स)
कापायच्या आधी एक्सेंट्रिकच्या खुणा पांढऱ्या पेंटने मार्क करून फोटो काढून ठेवा, म्हणजे अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी निदान सरळ जाईल. अलाइनमेंटची वेळ त्याच आठवड्यातली घ्या. पॉली टाकलंत तर इन्शुरन्सवाल्यांना मॉडिफिकेशन म्हणून कळवा, बऱ्याचदा काही जास्त घेत नाहीत, पण न सांगता क्लेमची वेळ आली तर कटकट होते.

रोडस्टरवाला (मिल्टन कीन्स)
ठरलं मग, आर्मना रबर, अँटी-रोल बारला पॉली. एका ब्रेकरकडे (जुन्या गाड्या फोडून पार्ट विकणाऱ्याकडे) चारही कोपऱ्यांचे आर्म आहेत म्हणतोय, शनिवारी बघायला जातो. त्यांचे बोल्ट अडकलेत का हे न खोलता कसं ओळखायचं?

गंजका_बोल्ट (लीड्स)
आर्म त्याने काढूनच ठेवलेत ना, मग बोल्ट एकतर निघालेत किंवा कापलेत, बुशाच्या नळीत बोल्टाचा तुकडा अडकलेला दिसतोय का बघा. तो दिसला तरी घ्या, बुश तसेही फेकायचेच आहेत. बॉलजॉइंटची रबरी टोपी फाटलीय का आणि मागच्या लोअर आर्मच्या खालच्या बाजूला गंजाने भोक पडलंय का ते मात्र स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा.