मदत हवी आहे: बकरी ईदच्या सुट्टीत तुर्कस्तान

मंडळी, घोळ करून बसलोय. स्वस्त तिकिटं दिसली म्हणून आई-बाबांसह 25 मे ते 2 जून 2026 इस्तंबूल ठरवलं. कॅलेंडर नंतर पाहिलं! 27 ते 30 मे बकरी ईद (तिकडे कुर्बान बायराम), आणि सुट्टी 26च्या दुपारपासूनच. ग्रँड बाजार चारही दिवस बंद, 31ला रविवार म्हणून पुन्हा बंद. आईला तिथले रंगीत काचेचे दिवे घ्यायचे होते, ते आता पहिल्याच दिवशी उरकावे लागणार.

खरी काळजी बसची आहे. 26च्या रात्री गोरेमेला, म्हणजे कॅपाडोकियाला निघायचंय, दहा-अकरा तासांचा प्रवास. आपल्याकडे गणपतीला कोकणात निघतात तसं त्या रात्री तिकडे सगळे गावी निघतात. कोणी या गर्दीत गेलंय का? तिकीट किती आधी काढलंत? की ईदचा पहिला दिवस इस्तंबूलमध्येच काढून 28ला निघू? बाबांचे गुडघे बघता रात्रभर अवघडून बसणं नको वाटतं.

आणि आई शाकाहारी. मसुरीच्या सूपवर भिस्त आहे, पण त्यातही कधीकधी मांसाचं पाणी घालतात. ईदला छोट्या खानावळी उघड्या असतात का? की थेपले-मेतकूट बांधून न्यावं?