‘रंगीत’ पुतळा की ‘रंगवलेला’ पुतळा?

विचारणा
रोमन शिल्पकलेवरचं एक भाषांतर तपासतेय. ‘पॉलिक्रोमी’साठी, म्हणजे शिल्पांतल्या रंगांच्या वापरासाठी, सगळीकडे ‘बहुरंगी शिल्पे’ आलंय. ते वाचून मला निवडणुकीतली बहुरंगी लढत आठवते. ‘रंगीत शिल्पे’ चालेल का? आणि मुळात हे पुतळे खरंच रंगवायचे, की हे हल्लीचं खूळ?

प्रतिसाद १
रंगवायचे, आणि हे हल्लीचं नाही. रोमजवळ प्रिमा पोर्ता इथे १८६३ साली सम्राट ऑगस्टसचा पुतळा सापडला, तेव्हाच त्यावर रंगाचे अंश दिसले होते. त्याआधी १८१५च्या सुमारास क्वात्रमेर द कँसी या फ्रेंच अभ्यासकाने प्राचीन शिल्पांच्या रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला. पण अठराव्या शतकातल्या विंकेलमान या जर्मन कलाइतिहासकाराने पांढऱ्या रंगाचं माहात्म्य असं काही रुजवलं, की ‘शुभ्र संगमरवरी’ हे शब्द आपल्याकडेही आपोआप जोडीने येतात.

‘रंगीत’ मात्र नको. व्हेनिसला सेंट मार्क चर्चच्या कोपऱ्यात चार रोमन सम्राट जोडीजोडीने मिठी मारून उभे आहेत, ते जांभळट पॉर्फिरीचे. तिथे रंग दगडाचाच. ऑगस्टस पांढऱ्या संगमरवराचा, वर रंग दिलेला. ‘रंगीत पुतळा’ म्हटलं की यातला कुठला, ते कळत नाही. ‘रंगवलेला’ म्हणा.

प्रतिसाद २
थोडी असहमती. अभ्यासक ‘पॉलिक्रोमी’त रंगीत दगड, सोन्याचा वर्ख, जडवलेले डोळे असं सगळंच धरतात. तिथे ‘रंगवलेला’ अपुरा पडेल. व्यापक अर्थी ‘शिल्पातील रंगयोजना’, आणि प्रत्यक्ष रंग दिला असेल तिथेच ‘रंगवलेला’.

प्रतिसाद ३
‘रंगलेपन’ कसं वाटतं? प्लिनी या रोमन लेखकाने सांगितलेली गोष्ट आहे: तुझे कुठले संगमरवरी पुतळे तुला आवडतात, असं शिल्पकार प्राक्सितेलीसला विचारलं, तर म्हणाला, ज्यांना निकियासचा हात लागलाय ते. निकियास चित्रकार. त्याच्या या कामाला प्लिनी ‘सर्कुमलिशिओ’ म्हणतो, शब्दशः भोवतीने लिंपणं.

प्रतिसाद १
गोष्ट ग्रीक कलावंतांची, पण लॅटिन शब्द कामाचा. तरी ‘लेपन’ नको. मूर्तीला लेप म्हटलं की आपल्याला वज्रलेप आठवतो, म्हणजे झीज थांबवायचा उपाय. तसला उपायही रोमनांकडे होता. हिंगुळाने रंगवलेल्या भिंतीवर मेण चढवायची रीत सांगताना रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हियस म्हणतो की संगमरवरी पुतळ्यांनाही असंच करतात. त्याला ‘गानोसिस’ म्हणत. ‘लेप’ तिथे चपखल बसेल.

विचारणा करणारी
पटलं. रंगांच्या नावांचं काय? भाषांतरात नुसतं ‘लाल रंगद्रव्य’ आहे.

प्रतिसाद २
मूळ मजकूर बघून हिंगूळ, गेरू की मंजिष्ठ ते ठरवा. तिन्ही लाल, आणि रोमन लोक तिन्ही वापरायचे. लेड व्हाइटला ‘सफेदा’. ‘इजिप्शियन ब्लू’ला मात्र ‘नीळ’ करू नका. नीळ झाडापासून येते. हा वाळू, चुना आणि तांबं भट्टीत तापवून केलेला. फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात ठेवून इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पाहिलं की याचे न दिसणारे कणही चमकतात. ब्रिटिश म्युझियममधल्या ‘ट्रॉय हेड’वर (Treu हे अभ्यासकाचं नाव, ट्रॉय शहर नव्हे), म्हणजे रोममध्ये सापडलेल्या दुसऱ्या शतकातल्या स्त्रीच्या शिरावर, तो डोळ्यांच्या पांढऱ्या भागात आणि त्वचेच्या रंगातही निघाला.

आणि भाषांतरात या पुतळ्यांना ‘भडक’ म्हटलं असेल तर ते तपासा. आजच्या रंगीत प्रतिकृती भडक दिसतात खऱ्या, पण दगडावर टिकतो तो बहुतेकदा सगळ्यात खालचा थर. वरच्या छटा गेलेल्या असतात.