शांतता आणि भरतीचे वेळापत्रक

समुद्रकाठच्या लहान गावात काही घडतच नाही म्हणून तिथे शांत वाटते, हे मत मला अपुरे वाटते. घडते पुष्कळ, पण घड्याळाच्या तालावर नव्हे. बहुतेक किनाऱ्यांवर भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते. त्यामुळे आज सकाळी तरंगणाऱ्या होड्या आठवड्याने त्याच वेळी चिखलात कलंडलेल्या दिसतात आणि माणसांची कामेही त्या बेताने मागेपुढे सरकतात. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे पडल्यावर, रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सुटेपर्यंत हवा थबकते, तेव्हा तर दूरच्या होडीतले बोलणेही ऐकू येते. मात्र हीच खारट हवा बिजागऱ्या, कुलपे आणि सायकलची साखळी गंजवते (वर्णनांत हे सहसा येत नाही), एवढे तिथे राहायला जाणाऱ्यांनी आधीच गृहीत धरावे.